आधी लोहाचा साठा, मग झोपेची गोळी

दिवसभर चालणारे, जिने चढणारे, रांगेत उभे राहणारे पाय काही तक्रार करत नाहीत. तक्रार सुरू होते ती रात्री पाठ टेकल्यावर. पोटऱ्यांच्या आत कुठेतरी वळवळ सुरू होते. कुणाला मुंग्या चालल्यासारख्या वाटतात, कुणाला हाडे चावल्यासारखी, आणि कुणाला नुसतीच एक अनावर ओढ, की पाय आत्ताच्या आत्ता हलवला पाहिजे. हलवला की क्षणभर बरे वाटते, थांबवला की पुन्हा तेच. कूस बदलून होते, पोटऱ्यांना तेल चोळून होते, ओढणी करकचून बांधून होते, नातवंडाला पायांवर उभे करून होते. रात्रीचा एक वाजतो आणि माणूस उठून घरातल्या घरात फेऱ्या मारू लागतो. पहाटेकडे पाय आपोआप शांत होतात, पण तोवर उठायची वेळ जवळ आलेली असते. वैद्यकात या विकाराला ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ असे नाव आहे. इथे आपण त्याला अस्वस्थ पायांचा विकार म्हणू. डॉक्टरकडे गेलेला रोगी बहुधा पायांचा विषयच काढत नाही. ‘झोप लागत नाही’ एवढेच सांगतो आणि झोपेची गोळी घेऊन परत येतो. माझे म्हणणे असे, की इथे क्रम उलटा झाला आहे. या विकारात पहिला प्रश्न झोपेचा नाही, लोहाचा आहे. ते लोहही हिमोग्लोबिनच्या आकड्यात पाहून भागत नाही. शरीरातला त्याचा साठा पाहावा लागतो. तो न पाहता दिलेले औषध पुष्कळदा वाया जाते, आणि काही औषधे तर दुखणे वाढवतात.

हा विकार ओळखायला मोठे यंत्र लागत नाही, नीट विचारपूस लागते. पाय हलवण्याची जवळजवळ सक्तीची इच्छा होते, ती बसल्या-पडल्यावर सुरू होते, चालले किंवा पाय ताणले की निदान तेवढा वेळ ओसरते आणि संध्याकाळनंतर तिचा जोर वाढतो. या चारही गोष्टी एकत्र असतील आणि दुसऱ्या कुठल्या दुखण्याने त्यांचा उलगडा होत नसेल, तर निदान जवळपास पक्के. घोटाळा होतो तो शेजारच्या दुखण्यांशी. पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि जीवघेणी कळ येते. अस्वस्थ पायांत स्नायू मऊच असतो. मधुमेहाने नसा बिघडल्या तर तळवे जळतात, बधिर होतात, पण चालल्याने ते थांबत नाही. पायाच्या शिरा फुगल्या असतील तर उभे राहून त्रास वाढतो आणि आडवे झाल्यावर कमी होतो, म्हणजे नेमका उलटा प्रकार. खुर्चीत बसून पाय हलवत राहण्याची सवय तर विकारच नव्हे. त्या माणसाला कुणी थांबवले तर तो निमूट थांबतो आणि त्याला काही होत नाही. म्हणून निद्रानाशाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारला जायला हवा: संध्याकाळी स्वस्थ बसल्यावर किंवा रात्री झोपायला गेल्यावर पायांत अशी काही बेचैनी होते का, जी उठून चालल्यावर कमी होते? अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे, पण तो विचारला गेला नाही म्हणून लोक वर्षानुवर्षे चुकीच्या गोळ्या घेत राहतात.

युरोप-अमेरिकेतल्या पाहण्यांत प्रौढांपैकी ५ ते १० टक्क्यांमध्ये ही लक्षणे सापडतात. उपचारांची गरज पडावी इतका त्रास एकूण प्रौढांपैकी २ ते ३ टक्क्यांना असतो. आशियात प्रमाण कमी दिसते. बेंगळुरूच्या शहरी वस्तीतली एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात ते सुमारे २ टक्के निघाले. दोन टक्के म्हणजे पन्नासांत एक, आणि पन्नासांत एक हे प्रमाण दुर्मीळ आजाराचे नव्हे. स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट असते. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, साधारण पाचांतल्या एकीला हा त्रास होतो. आणि डायलिसिसवर असलेल्या रोग्यांत तो चौघांतल्या एकाला तरी असतो. चार तास खुर्चीला खिळून राहावे लागणाऱ्या त्या माणसाचे हाल किती होत असतील, याची कल्पना करावी. हे तीन गट एकत्र ठेवून पाहिले, की त्यांच्यात एक दुवा दिसू लागतो: पाळीमुळे रक्त गमावणाऱ्या स्त्रिया, बाळासाठी लोह देणाऱ्या गर्भवती, आणि मूत्रपिंडे निकामी झाल्याने ज्यांचा लोहाचा सारा व्यवहार बिघडलेला आहे असे रोगी.

हा दुवा लोहाचा आहे. पण तो उलगडण्याआधी एका जुन्या आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे. पाय वळवळतात हा काय आजार झाला? औषध कंपन्यांनी फुगवलेले खूळ आहे, असे म्हणणारे डॉक्टरही आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. २००५ साली अमेरिकेत रोपिनिरोल हे औषध या विकारासाठी मंजूर झाले, तेव्हा त्याचा प्रचार इतक्या धूमधडाक्यात झाला, की पुढच्याच वर्षी दोन संशोधकांनी या विकाराच्या प्रसिद्धीवर टीका करणारा गाजलेला लेख लिहिला: किरकोळ लक्षणांच्या लोकांनाही रोगी ठरवले जात आहे, असा त्याचा आशय होता. टीका रास्त होती. मात्र प्रचार अतिशयोक्त होता म्हणून विकार खोटा ठरत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या कड्याला आजही ज्याचे नाव आहे, त्या टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ साली लॅटिन ग्रंथात या रोग्यांचे वर्णन करून ठेवले आहे. अंथरुणावर पडताच त्यांच्या हातापायांत अशी तगमग उठते, की झोप त्यांच्या वाट्याला येतच नाही, असे त्याने नोंदवले आणि अफूचा उपाय केला. तेव्हा औषध कंपन्या नव्हत्या. १८६१ साली जर्मनीत थिओडोर विटमाक याने हाच विकार पाहिला, पण तो उन्मादाच्या, म्हणजे मनाच्या खात्यात टाकला, आणि पुढची ऐंशीएक वर्षे तो तिथेच पडून राहिला. आज झोपेच्या प्रयोगशाळेत पायांना तारा जोडून रात्रभर नोंद घेतली, तर सुमारे ८० टक्के रोग्यांचे पाय झोपेतही साधारण २० ते ४० सेकंदांच्या अंतराने झटके देताना दिसतात. झोपलेल्या माणसाचे हे झटके कल्पनेने येत नाहीत. यात आनुवंशिकतेचाही मोठा वाटा आहे. २००७ साली जर्मन आणि आइसलँडच्या गटांनी या विकाराशी संबंधित पहिली जनुके शोधली. आता जनुकसंचातल्या दीडशेहून अधिक जागा माहीत झाल्या आहेत. आईचे पाय वळवळत, मुलीचेही वळवळतात, याला नुसता योगायोग म्हणता येत नाही.

या विकाराला आजचे नाव दिले ते स्वीडनच्या कार्ल-ॲक्सेल एकबॉम या मज्जाविकारतज्ज्ञाने. १९४५च्या त्याच्या प्रबंधात शेकडो बारीक निरीक्षणे आहेत, आणि रक्तातल्या लोहाच्या कमतरतेशी या पायांचा संबंध त्याच्या नजरेतून सुटला नव्हता. त्याचाच देशबांधव नॉर्डलँडर याने १९५३च्या सुमारास रोग्यांना शिरेतून लोह दिले आणि बहुतेकांचे पाय शांत झाल्याचे कळवले. विशेष म्हणजे, काही रोगी रक्तक्षयी नव्हते, तरीही त्यांना गुण आला. म्हणजे उपचाराचा धागा सत्तर वर्षांपूर्वीच हाती लागला होता. पुढे तो सुटला. १९८२ साली तुर्कस्तानच्या शेवकेत अक्पिनार याने दाखवले, की कंपवाताच्या रोग्यांना दिले जाणारे लेव्होडोपा थोड्या मात्रेत दिले तर पाय त्याच रात्री शांत होतात. एका रात्रीत गुण येणारे औषध समोर असताना तीन महिने वाट पाहायला लावणाऱ्या लोहाकडे कोण पाहणार? वैद्यकाचे लक्ष लेव्होडोपापासून मेंदूत बनणाऱ्या डोपामीन या रसायनाकडे वळले आणि दोन दशके तिथेच राहिले. या विस्मरणाची किंमत रोग्यांनी मोजली. ती कशी, हे पुढे येईल.

लोहाकडे पुन्हा लक्ष वेधले ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रिचर्ड ॲलन आणि ख्रिस्तोफर अर्ली यांच्या गटाने. २००० साली त्यांनी रोग्यांच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात लोहाचा साठा मोजला. रक्तातले आकडे इतरांसारखेच असूनही तो कमी भरला. पुढच्या वर्षी एमआरआयमध्ये मेंदूच्या खोल भागातल्या ‘सब्स्टान्शिया नायग्रा’ या केंद्रात लोह कमी दिसले. २००३ साली मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्येही तेच आढळले. तिथल्या पेशी मेलेल्या नव्हत्या, फक्त लोहाला वखवखलेल्या होत्या. कंपवातात याच केंद्रातल्या पेशी मरतात. इथे त्या जिवंत आहेत, हा मोठा दिलासा. अस्वस्थ पाय पुढे कंपवातात जातील ही भीती त्यामुळे निराधार ठरते. लोहाचा डोपामीनशी संबंध थेट आहे. डोपामीन तयार करणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराला लोहाशिवाय काम करता येत नाही. तेव्हा एकबॉमचे लोह आणि अक्पिनारचे डोपामीन या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. एक मूळ होते, दुसरा त्याचा परिणाम, आणि वैद्यक बराच काळ परिणामावर औषध टाकत राहिले. हे पाय रात्रीच का जागतात याचा काही उलगडाही इथे होतो. रक्तातले लोह सकाळी जास्त आणि रात्री बरेच कमी असते. मेंदूतल्या डोपामीनचा जोरही रात्री उतरतो. आधीच तुटपुंजे असलेले रात्री अपुरे पडते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: तसे असेल तर आपल्याकडे निम्म्या स्त्रियांचे पाय रात्रभर वळवळायला हवेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास आहे. विकार मात्र दोन टक्क्यांत सापडतो. शिवाय लोह भरपूर असूनही पाय अस्वस्थ असलेले लोक आहेतच. आक्षेप खरा आहे, पण त्याने मुद्दा खोडला जात नाही, नेमका होतो. लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झालेल्या अमेरिकन रोग्यांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात जवळजवळ एक चतुर्थांश जणांना उपचार लागावेत इतका त्रास होता, म्हणजे सर्वसाधारण लोकसंख्येच्या कितीतरी पट. उरलेल्या तीन चतुर्थांशांना तो नव्हता. याचा अर्थ असा, की लोह रक्तात असणे आणि ते मेंदूत पोहोचणे या दोन गोष्टी आहेत. रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पडद्यातून लोह आत नेणारी यंत्रणा काहींमध्ये जन्मतःच ढिली असावी, असे आजचे पुरावे सुचवतात. अशा माणसाच्या रक्तात लोह भरपूर असेल तर मेंदूचे कसेबसे भागते; साठा थोडा उतरला की पहिली टंचाई तिथे जाणवते. दुसऱ्याची यंत्रणा सुदृढ असेल तर साठा तळाला जाऊनही त्याचे पाय गप्प राहतात. म्हणून ‘लोह कमी म्हणजे अस्वस्थ पाय’ हे विधान चूक आहे. पाय अस्वस्थ असतील तर लोह आधी तपासा, हे मात्र बरोबर आहे. आणि ज्या देशात साठे रिकामे असण्याची शक्यता इतकी मोठी, तिथे हा नियम अधिकच कसोशीने पाळला पाहिजे. दोन टक्के हा आकडाही मी जपून घेतो. पायांबद्दल विचारल्याशिवाय न बोलणाऱ्या समाजात पाहणीच्या आकड्यांतून बरेच सुटलेले असू शकते.

तपासायचे काय, इथे सर्वांत जास्त चुका होतात. बहुतेक ठिकाणी हिमोग्लोबिन पाहतात आणि ते १२च्या वर असले की लोहाचा विषय संपवतात. पण हिमोग्लोबिन म्हणजे स्वयंपाकघरातल्या डब्यातले पीठ. कणगीत धान्य किती उरले हे त्यावरून कळत नाही. कणगी जवळपास रिकामी होईपर्यंत डबा भरलेलाच दिसतो. साठा कळतो तो फेरिटिन या तपासणीतून. तिथेही दुसरा सापळा आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात स्त्रियांसाठी फेरिटिनची खालची मर्यादा बहुधा दर मिलीलिटरला १० ते १५ नॅनोग्रॅम छापलेली असते. एखादीचे फेरिटिन २२ आले, तर समोर ‘नॉर्मल’ असते आणि डॉक्टर पान उलटतात. ती मर्यादा रक्त तयार होण्यापुरते लोह आहे का, या प्रश्नासाठी ठरवलेली आहे. अस्वस्थ पायांसाठी प्रश्नच वेगळा आहे आणि म्हणून आकडाही वेगळा. या विकाराच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने २०१८ साली आणि अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीने २०२५च्या मार्गदर्शक सूचनांत फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल तर लोह द्यावे असे सांगितले आहे. मुलांसाठी ही रेषा ५० आहे. म्हणजे १५ पासून ७५ पर्यंतचा जो पट्टा अहवालात निर्धास्त दिसतो, तोच या रोग्यांसाठी उपचाराचा पट्टा आहे. यापेक्षा महत्त्वाची एकही गोष्ट या प्रकरणात नाही. तपासणी सकाळी उपाशीपोटी, लोहाची गोळी आदल्या एक-दोन दिवसांत न घेता करावी आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही पाहावे, कारण ताप, संसर्ग किंवा सांध्यांची सूज असताना फेरिटिन खोटेच वर चढते. सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल, तर फेरिटिनच्या चांगल्या आकड्यावर विसंबू नये. खर्चाचा आक्षेप मला मान्य आहे: काहीशे रुपयांची ही तपासणी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात होत नाही. पण वर्षभराच्या झोपेच्या गोळ्यांचा हिशेब मांडला, तर ती महाग वाटणार नाही.

साठा कमी निघाला की लोह घ्यायचे, पण धीराने. फेरिटिनचा एक अंक म्हणजे साठ्यातले साधारण ८ मिलीग्रॅम लोह. २० वरून ८० वर जायचे तर जवळपास ५०० मिलीग्रॅम भरावे लागतात. सरकारी लाल गोळीत ६० मिलीग्रॅम लोह असते आणि त्यातले कमतरता असलेल्या शरीरात सहा-आठ मिलीग्रॅम शोषले जाते. शिवाय शरीर रोज एक-दोन मिलीग्रॅम गमावत असते. हिशेब तीन महिन्यांच्या आसपास येतो. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून गोळी सोडणारे लोक उपाय संपण्याआधी नव्हे, सुरू होण्याआधीच सोडतात. एका दिवसात दोन-तीन गोळ्या घेऊन काम लवकर होत नाही. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते आणि आतड्याचे दार दिवसभर आखडून घेते. म्हणून दिवसाला एक, किंवा एक दिवसाआड एक गोळी हेच बरे, असे झुरिचमधल्या प्रयोगांतून दिसले. पोटालाही ते सोसवते आणि बद्धकोष्ठही कमी होते. गोळी उपाशीपोटी लिंबू-आवळ्याबरोबर घ्यावी, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीपासून लांब. चहा हा आपल्याकडचा मोठा अडसर आहे: जेवणासोबत किंवा लगेच नंतर घेतलेला चहा वनस्पतिजन्य लोहाचे शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. तो जेवणाच्या तासभर तरी नंतर घ्यावा. खजूर, नाचणी, अळीव, लोखंडी तवा यांनी भागणार नाही का, असे घरोघरी विचारले जाते. त्यांनी साठा टिकवायला मदत होते, रिकामा साठा भरायला ते पुरत नाहीत. बिटाचा लाल रंग तर लोहाचा नाहीच. गोळी सोसत नसेल, शोषली जात नसेल किंवा फेरिटिन ७५ ते १०० च्या मध्ये असेल, तर फेरिक कार्बोक्सिमाल्टोजसारखे लोह रुग्णालयात, देखरेखीखाली, शिरेतून देतात. दोन सावधगिऱ्या मात्र हव्यातच. थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन लोह पुरेसे असूनही कमी असते. फेरिटिन न पाहता त्याला महिनोन्‌महिने लोह दिले तर नुकसान होते. आणि पुरुषाचा किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीचा साठा रिकामा निघाला, तर तो कुठून गळतो आहे हे शोधल्याशिवाय थांबू नये. मूळव्याध, जठरातला व्रण, कधी आतड्याचा कर्करोगही पहिल्यांदा अशा वाटेने कळतो. जे नियमाने रक्तदान करतात त्यांनीही साठा पाहावा. एका दानात दोनशेहून अधिक मिलीग्रॅम लोह जाते.

साठ्याइतकेच औषधांच्या पुडक्याकडे लक्ष द्यायला हवे. सर्दीच्या गोळीतली गुंगी आणणारी क्लोरफेनिरामिनसारखी औषधे, उलटीसाठीचे मेटोक्लोप्रमाइड, मनोविकारावरची बरीच औषधे, मिर्टाझापिन, ॲमिट्रिप्टिलिन आणि नैराश्यावरच्या कित्येक गोळ्या या पायांना चेव आणतात. झोप येत नाही म्हणून गुंगी आणणारी सर्दीची गोळी घेणाऱ्याला तीच गोळी रात्रभर चालायला लावते, आणि त्याला याचा पत्ता नसतो. मानसिक आजारावरची गोळी स्वतःहून बंद करायची नसते, पण ती लिहून देणाऱ्याला पायांबद्दल सांगितले तर तो पर्याय शोधू शकतो. नैराश्यासाठी बुप्रोपिऑन या बाबतीत निरुपद्रवी आहे. क्लोनॅझेपाम आपल्याकडे सर्रास दिले जाते. त्याने गुंगी येते, पाय शांत होतातच असे नाही, आणि त्याची सवय लागते. २०२५च्या सूचनांत त्याचा वापर करू नये असेच सुचवले आहे. आता विस्मरणाच्या किमतीकडे येतो. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल आणि लेव्होडोपा ही डोपामीनच्या वाटेची औषधे सुरुवातीला जादूसारखी चालतात. पुढे महिन्यांनी-वर्षांनी त्रास रात्री दहाऐवजी संध्याकाळी सहाला, मग दुपारी सुरू होतो, हातांत पसरतो, आणि मात्रा वाढवली की आणखी वाढतो. ॲलन आणि अर्ली यांनी १९९६ साली याचे स्पष्ट वर्णन केले. प्रामिपेक्सोलवर दरवर्षी साधारण ७-८ टक्के रोग्यांत हे होते, म्हणजे दहा वर्षांत बहुसंख्यांत. काहींमध्ये जुगार, बेसुमार खरेदी अशी अनावर वागणूकही दिसते. ज्यांचे लोह कमी असते त्यांच्यात हा उलटा परिणाम अधिक होतो, आणि माझ्या मते लोह आधी पाहावे याचे यापेक्षा भक्कम कारण नाही. त्याच २०२५च्या सूचनांनी ही औषधे पहिल्या पसंतीतून काढून टाकली आणि लोहानंतरची जागा गॅबापेंटिन व प्रिगॅबालिन यांना दिली. जो आज प्रामिपेक्सोल घेतो आहे त्याने हे वाचून ते एकाएकी थांबवू नये. एकदम सोडले तर काही रात्री अक्षरशः झोपेविना जातात. ते डॉक्टरच्या मदतीने हळूहळू उतरवायचे असते.

लोह पूर्ण भरूनही ज्यांचे पाय थांबत नाहीत असे लोक आहेत, आणि हा या युक्तिवादाचा पराभव नाही. वैद्यकीय प्रयोगांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१९च्या आढाव्याने लोहाचा उपयोग होतो असे मानले, पण सर्वांना पूर्ण गुण येतो असे म्हटले नाही. गॅबापेंटिन किंवा प्रिगॅबालिन पुष्कळांना झोप मिळवून देते. चक्कर, झोपाळूपणा, वजन वाढणे हे त्यांचे दोष. म्हाताऱ्या माणसांना पडण्याची भीती, आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्रा बरीच कमी ठेवावी लागते. अगदी हट्टी विकारात अफूच्या कुळातली औषधे फार थोड्या मात्रेत, कडक देखरेखीखाली देतात. डायलिसिसवर असलेल्यांसाठी लोहाच्या मर्यादा वेगळ्या असतात आणि त्या मूत्रपिंडतज्ज्ञच ठरवतो. मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतर यांतल्या अनेकांचे पाय शांत होतात. गर्भवतीला बहुतेक औषधे देता येत नाहीत, म्हणून तिच्यासाठी लोहाचे महत्त्व दुप्पट. शौचाला घट्ट होते म्हणून तिची गोळी बंद करण्याऐवजी ती एक दिवसाआड करणे किंवा शेवटच्या दोन तिमाहीत शिरेतून लोह देणे हे जास्त शहाणपणाचे. बाळंतपणानंतर बहुतेकींचा त्रास काही आठवड्यांत जातो, हे तिला आधी कुणी सांगितले तर तिची भीती तरी जाईल. मुलांकडे मात्र आपण फारच कमी लक्ष देतो. वर्गात चुळबुळ करणाऱ्या, रात्री ‘पाय दुखतात’ म्हणून रडणाऱ्या मुलाला वाढीचे दुखणे आहे म्हणून सोडून देतात किंवा पाय हलवू नकोस म्हणून दटावतात. आई किंवा वडिलांनाही असा त्रास असेल, तर त्या मुलाचे फेरिटिन एकदा पाहायला काय हरकत आहे?

राहिला तीन महिन्यांचा प्रश्न: लोह भरेपर्यंत रात्र काढायची कशी? पायांवर दाब आणि मालिश यांचे घरगुती उपाय अगदी टाकाऊ नाहीत. कातडीवरची आणि स्नायूंमधली तीव्र संवेदना आतल्या वळवळीवर काही वेळ मात करते. तेल चोळणे, गरम किंवा गार पाणी ओतणे, पोटऱ्या ताणणे, यांपैकी ज्याला जे लागू पडेल ते करावे. ओढणी मात्र पाय बधिर होईपर्यंत आवळू नये. रोज मध्यम चालणे किंवा व्यायाम याचा उपयोग दिसला आहे, पण रात्री उशिरा दमवणारा व्यायाम उलटा पडतो. दुपारनंतरचा चहा-कॉफी, दारू आणि तंबाखू सोडून पाहावी, विशेषतः तपकीर किंवा मिश्री लावण्याची सवय असलेल्यांनी, कारण तिच्यातले निकोटीन सहज विसरले जाते. मन गुंतले की पाय थांबतात, ही या विकाराची विलक्षण बाजू आहे: पत्त्यांचा डाव, विणकाम, शब्दकोडे यांत बसून राहता येते, नुसत्या टीव्हीपुढे येत नाही. रात्रीच्या बसप्रवासात मधल्या वाटेकडेची जागा घ्यावी आणि शक्य असेल तर प्रवास सकाळचाच ठेवावा. हा त्रास पहाटे ओसरतो, म्हणून ज्यांना कामाच्या वेळा मागेपुढे करता येतात त्यांनी झोपेची वेळ उशिरा नेली तर निदान चार-पाच तास अखंड मिळतात. घरच्यांनीही रात्री चालणाऱ्या माणसाला ‘पडून राहा, लागेल झोप’ असे सांगू नये. पडून राहणे हेच तर त्याला जमत नाही. किती वाजता त्रास सुरू झाला आणि किती वेळा उठावे लागले, एवढी नोंद वहीत ठेवली, तर तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा तपासताना डॉक्टरच्या हाती एकाऐवजी दोन आकडे असतील: साठा किती वाढला, आणि झोप किती वाढली.